सात नंबरची बादली

त्या दिवशी सकाळी दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक माणूस भाड्याने गाडी मागायला आला, आणि शिनोच्या बाबांनी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

"एकटाच आलास?" बाबांनी विचारलं.

"एकटाच. एका दुकानाची पाटी तर आहे, काका. वर जाईन, रंगवीन, खाली येईन."

"आणि खाली कोण उभं राहणार?"

"खाली कशाला कुणी? पाटी वर आहे."

बाबांचे जुने कामगार हान्दाकाका एका ट्रकखाली आडवे पडून कसलासा नट आवळत होते. ते तिथूनच ओरडले, "अरे, आधी लग्न कर आणि मग ये. बायकोला उभी कर खाली."

"बायको खाली उभी असेल तर मी उतरणारच नाही," पाटीवाला म्हणाला, आणि तिघंही हसले. पण गाडी काही मिळाली नाही.

तोगाशींच्या, म्हणजे बाबांच्या, अंगणातून एकट्या माणसाला गाडी मिळत नाही, हे साकाताच्या बंदरापासून मोगामी नदीच्या पुलापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांकडे अकरा गाड्या होत्या. ट्रकच्या पाठीवर घडी घातलेला लांब लोखंडी हात, म्हणजे बूम, आणि त्याच्या टोकाला दोन माणसं उभी राहतील एवढी बादली. वीज कंपनीचे ठेकेदार, टेलिफोनच्या तारा ओढणारे, झाडं छाटणारे त्या भाड्याने नेत. थंडीत समुद्रावरून खारा वारा सुटला की खांबांवरच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर चढतो, ठिणग्या उडायला लागतात, आणि तो थर धुवायला सगळ्यांना एकदमच बादली हवी असते. तेव्हा अंगणात रांग लागायची. त्या रांगेतल्या प्रत्येकाला बाबा एवढंच विचारत, वर कोण आणि खाली कोण.

प्रत्येक गाडीला लिव्हर दोन जागी असतात. एक जोड वर बादलीत आणि दुसरी खाली, ट्रकच्या पाठीवर. वरच्याला काही झालं तर खालच्याने त्याला उतरवायचं. दुसऱ्या जोडीचं काम एवढंच.

शिनो ऑफिसात हिशेब करत होती. आई गेल्यावर ती सेन्दाईच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून परत आली होती आणि तेव्हापासून गाड्यांचं येणं-जाणं तीच बघत होती. बाबा आत येऊन स्टोव्हपाशी हात शेकत उभे राहिले.

"आणखी एक गिऱ्हाईक समोरच्या भाडेवाल्याच्या दारात घातलंत," ती मान वर न करता म्हणाली.

"घातलं."

"तो तिकडून गाडी घेईल आणि एकटाच वर चढेल. तुमच्या नियमाने फायदा कुणाचा झाला?"

"माझ्या गाडीतून तर नाही ना चढणार," बाबा म्हणाले.

दुपारी त्यांनी भाजलेला हाताहाता खाल्ला. मासा अंड्यांनी टच्च भरलेला होता आणि बाबा नेहमीसारखे आवाज करत अंडी चावत होते. हान्दाकाका एक गाडी पोचवायला त्सुरुओकाला गेले होते. जेवण झाल्यावर बाबा उठले आणि हेल्मेट डोक्यावर ठेवत म्हणाले, "सात नंबर धुऊन ठेवली आहे. एकदा वर नेऊन बूम तपासतो. चल, खाली उभी राहा."

"काका आल्यावर करा ना."

"अंधार पडेल तोवर. चल."

ती गेली. लहानपणापासून रविवारी ती अशीच उभी राहत आली होती, आधी कानांवर घसरणारं हेल्मेट घालून आणि मग मापाचं. या धंद्यातली माणसं प्रत्येक गोष्ट बोट रोखून, मोठ्याने म्हणून मगच करतात. बाबा बादलीत चढले आणि त्यांचा हात एकेका गोष्टीकडे ताठ रोखला गेला. "ट्रकचे पाय, ठीक! पट्टा, ठीक! हुक, ठीक! वर तारा नाहीत, ठीक!" हे सगळीकडेच म्हणतात. बाबांनी त्यात स्वतःचं एक जोडलं होतं. खाली येण्याआधी ते दोन्ही हातांनी बादलीचा काठ धरून वाकून बघत, मग उजवा हात सोडून पूर्ण ताणत, बोट खालच्याच्या हेल्मेटवर रोखत आणि विचारत, "खाली?" खालच्याने आपलं नाव सांगायचं. "खाली, शिनो!" ते ऐकल्याशिवाय बाबा लिव्हरला हात लावत नसत.

एकदा ती नऊ वर्षांची असताना कशावरून तरी रुसली आणि तिने नाव सांगितलंच नाही. बाबा वर उभे राहिले. आईने अंगणात येऊन दोघांनाही झापलं. आधी पोरगी बोलते की मालक उतरतो, यावर हान्दाकाकांनी कामगारांशी पैज लावली. शेवटी शिनोलाच भूक लागली. ती गोष्ट मग दर नवीन वर्षाच्या जेवणात निघायची.

त्या दिवशी वारा बोचरा होता. बाबा बूम सावकाश फिरवत, सांधे बघत, वर वर गेले. शिनोची बोटं बधिर झाली. "हातमोजे घेऊन येते," ती ओरडली. बाबांनी हात हलवला.

ऑफिसात स्टोव्हवर किटली हलकेच उकळत होती. टेबलावर तिचं पुस्तक पालथं पडलं होतं. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. तिने ते नुसतं उचललं. हे एवढं पान, असं म्हणून ती उभ्यानेच वाचू लागली आणि मग कधीतरी बसली.

वरून बादलीतला हॉर्न वाजला. एकदाच, आखूड.

"येते," शिनो म्हणाली. तोंडातल्या तोंडात. आणि तिने पान उलटलं.

आठवडाभर आधी बाबांनी बर्फापासून बचावासाठी खिडकीच्या वरच्या भागावर फळ्या ठोकल्या होत्या. खालच्या फटीतून सात नंबरची चाकं दिसत आणि जमिनीवर टेकवलेले चार लोखंडी पाय. पुस्तक संपल्यावर ती थोडा वेळ तशीच बसून राहिली, चांगलं पुस्तक संपल्यावर माणूस बसतो तशी. मग फटीतून पाहिलं तर चाकं आणि पाय जागेवर होते. बाबा मागच्या दाराने चहा घ्यायला घरात गेले असणार, असं तिला वाटलं. तिने दिवा लावला आणि बिलं पुढे ओढली.

हान्दाकाका परतले तेव्हा संधिप्रकाश होता. त्यांनी दार अर्धं उघडून विचारलं, "मालक अजून वर काय करतायत?"

बादली काकांनी खालच्या लिव्हरने उतरवली. बाबा काठाला टेकून उभे होते, पट्ट्याने तोललेले. दोन्ही हातांनी काठ धरला होता. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. कधी, ते शिनोने विचारलं नाही. लवकर उतरवलं असतं तर, तेही नाही. काकांना आणि चौकशीला आलेल्या पोलिसाला तिने एकच सांगितलं, "मी फोनवर होते."

*

एकोणपन्नास दिवसांचे विधी होईपर्यंत सात नंबर अंगणाच्या कोपऱ्यात झाकून ठेवली होती. भिक्षू येऊन गेले, नातेवाईक येऊन गेले. त्यानंतरच्या आठवड्यात टेलिफोनच्या तारा ओढणारी एक टोळी गाडी मागायला आली आणि दुसरी एकही मोकळी नव्हती. शिनोने झाकण काढायला सांगितलं. वर कोण, खाली कोण, हे तिनेही विचारलं. सवयीने.

त्यांनी गाडी त्याच दिवशी परत आणली.

"वजनाचा काटा बिघडलाय, ताई," मुकादम म्हणाला. "बादलीत माझा एक माणूस. तो म्हणजे नुसती काठी. तरी काटा दोन माणसांचं दाखवतो. त्यात अवजारं घेतली की भोंगा बोंबलतो."

"किती जास्त दाखवतो?" काकांनी विचारलं.

"पन्नास-साठ किलो. आणि ते वर गेल्यावर. खाली असताना शून्य."

काकांनी वाळूच्या गोण्या बादलीत घालून काटा तपासला. गोणीगणिक बरोबर वजन दाखवलं. गोण्यांसकट वर नेली, तरी बरोबर. रिकामी वर नेली, शून्य.

"यंत्र आहे," ते हात पुसत म्हणाले. "आपल्यासमोर शहाण्यासारखं वागतं."

पुढच्या खेपेला गाडी इन्सुलेटर धुणाऱ्यांनी नेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या म्होरक्याचा फोन आला. आधी तो हवेबद्दल बोलला, मग भाड्याबद्दल. मग घसा खाकरून म्हणाला, "एक विचारू? तुमच्याकडे उतरायच्या आधी काही म्हणायची पद्धत आहे का?"

शिनोच्या हातातलं पेन थांबलं. "का?"

"काही नाही हो. माझी पोरं वर गेली की उतरताना 'खाली?' असं ओरडतात. आमच्यात कुणी असं म्हणत नाही. मी विचारलं, हे काय नवीन खूळ? तर म्हणतात, आपोआप तोंडातून येतं. आणि ओरडून झालं की वरची लिव्हर चालत नाही. आम्ही खालून उतरवतो त्यांना."

"काकांना बघायला पाठवते."

"पाठवा." तो घुटमळला. "काल मीच वर गेलो होतो, आणखी एकाला घेऊन. खाली आल्यावर लक्षात आलं, आम्ही दोघंही पूर्ण वेळ डाव्या कडेला चिकटून उभे होतो. अंग चोरून. उजवीकडे जागा असून."

गाडी परत आली तेव्हा बर्फ पडत होतं. काका तिला कोपऱ्यात लावून चहाला गेले. शिनो छत्री घेऊन बाहेर आली आणि ट्रकच्या पाठीवर चढली. बादलीच्या काठावर बोटभर बर्फ साचलं होतं, गोल, सारखं, लोण्याने लिंपल्यासारखं. उजव्या बाजूला मात्र दोन ठिकाणी ते नव्हतं. दोन्ही जागा तळव्याएवढ्या होत्या आणि त्यांच्यात खांद्यांएवढं अंतर होतं. तिथला काठ कोरडा होता.

तिने हातमोजा काढून एका जागेला हात लावला. ऊब नव्हती, तो भागही बाकीच्या काठासारखाच थंड होता. नुसतं बर्फ तिथे बसत नव्हतं.

कुणाच्या हातमोज्यांना ग्रीस लागलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. ग्रंथालयात तिने वर्षानुवर्षं भुताखेतांची पुस्तकं क्रमाने लावली होती आणि त्यातलं एकही खरं मानलं नव्हतं. तिने काकांना काठ पुसायला सांगितला. त्यांनी तो थिनरने घासून काढला. सकाळी पुन्हा बर्फ होतं, आणि पुन्हा त्या दोन जागा.

त्या संध्याकाळी तिने सात नंबर विकायला काढली.

"विक," काका म्हणाले. "गाडी आहे ती, नातलग नाही." पण म्हणताना त्यांनी सात नंबरकडे पाठ केली होती.

*

नीगाताहून इगाराशी नावाचे ठेकेदार आले. गोल चेहऱ्याचे, बोलघेवडे, नव्वद किलोच्या घरातलं वजन बाळगून असलेले. आल्याआल्याच त्यांनी स्टोव्हपाशी खुर्ची ओढली.

"वादळ आलं की तुमच्यासारखे भाडेवाले आम्हाला सोलून काढतात," ते म्हणाले. "मागच्या वादळात एका बादलीसाठी मी कुणाकुणाच्या पाया पडलो, ते बायकोला नाही सांगितलेलं. आता ठरवलं, आपलीच घ्यायची. जुनी चालेल. म्हातारी चालेल. उभी राहिली म्हणजे झालं."

"काटा थोडा नाजूक आहे," शिनो म्हणाली.

"माझाही आहे. डॉक्टर रोज ओरडतो." ते स्वतःच हसले. "काटा बदलून घेऊ. मला एकदा वर जाऊन बघू द्या."

काका खालच्या लिव्हरपाशी उभे राहिले. शिनो थोडी मागे, बर्फ ढकलून केलेल्या वाटेवर. इगाराशींनी पट्टा बांधला, बोट रोखत आपल्या पद्धतीने सगळं म्हटलं आणि बादली वर गेली. वारा नव्हता. नदीकडून हंसांचा गलका ऐकू येत होता.

खालच्या लिव्हरशेजारच्या, वजनाच्या पाटीवरचा आकडा चढत गेला. काकांनी तो पाहिला आणि वर ओरडले, "साहेब, दुपारी काय हाणलंत?"

"नूडल्स! का?"

"दोन माणसांच्या जेवणाचं वजन दाखवतंय."

इगाराशी हसले. मग ते हसणं थांबलं. ते डाव्या बाजूला सरले होते. त्यांनी डावीकडूनच वाकून पाहिलं, उजवा हात ताणला आणि बोट खाली रोखलं. काकांवर नाही. काकांच्या मागे, शिनोवर.

"खाली?" ते म्हणाले.

आवाज त्यांचा होता. शेवट किंचित वर उचलण्याची ढब त्यांची नव्हती.

शिनोने काकांच्या मागून वर पाहिलं. उत्तर फक्त दोन शब्दांचं होतं. ते जिभेवर होते, आणि जीभ हलत नव्हती.

"खाली, हान्दा!" काकांनी उत्तर दिलं. इतक्या वर्षांची सवय.

इगाराशींनी लिव्हर ओढली. बादली हलली नाही. त्यांनी पुन्हा ओढली. मग ते पुन्हा वाकले, बोट पुन्हा रोखलं गेलं. या वेळी त्यांचा चेहरा गोंधळलेला होता, स्वतःच्या हाताकडे बघणाऱ्या माणसासारखा.

"खाली?"

काका सावकाश वळले. त्यांनी शिनोकडे पाहिलं. बराच वेळ. मग खालच्या लिव्हरने बादली उतरवली. ती टेकली तसा आकडा एकट्या इगाराशींच्या वजनावर आला.

इगाराशी ऑफिसात येऊन चहा प्याले. कपाभोवती दोन्ही हात गुंडाळून. "ते 'खाली' काय होतं हो?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे असं म्हणत नाहीत."

"आमच्याकडे म्हणतात," शिनो म्हणाली.

"मग उत्तर द्यायचं होतंत." ते थट्टेच्या सुरात म्हणाले, पण हसले नाहीत. "वर फार ओशाळल्यासारखं वाटलं बघा. कुणी वाट बघतंय आणि आपण मधे उभे आहोत, असं."

तरी त्यांनी गाडी घेतली. वादळाच्या मोसमात दुसरी कुठून मिळणार? कागद झाले. सकाळी त्यांचा ड्रायव्हर येऊन घेऊन जाणार होता. तिथून मग सादो बेटावरचं काम, तिथून पुढे आणखी कुठे.

ते गेल्यावर काकांनी कपबशा उचलल्या. दारापाशी थांबले.

"पोरी, त्या दिवशी फोन कुणाचा होता?"

"आठवत नाही, काका."

"बरं," ते म्हणाले. आणि कपबशा धुवायला गेले.

*

सकाळी वारा पडला होता. बर्फ सरळ खाली येत होतं, जड, सावकाश. काका अजून यायचे होते. शिनो हेल्मेट घालून अंगणात आली. बर्फात तिच्या बुटांचा तेवढा करकर आवाज होत होता.

ड्रायव्हर आला की गाडी जाईल. सादोला, मग आणखी कुठे. अनोळखी माणसं तिच्यातून वर जातील आणि खाली बघून विचारतील. खाली कुणी ना कुणी उभं असेल. ते उत्तर देणार नाहीत, कारण त्यांना ते ठाऊक नसेल. ते खालून लिव्हर ओढतील, पाटी बदलतील, काटा बदलतील. आणि बाबा वरच राहतील.

तिने इंजिन सुरू केलं. चारही पाय टेकवले. एकेका पायाकडे बोट रोखलं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. खालच्या लिव्हरने तिने रिकामी बादली उचलली आणि त्या दुपारी जिथे होती तिथवर नेली. ती जागा तिला नेमकी माहीत होती. रोज खिडकीच्या फटीतून चाकं बघताना वरची ती न दिसणारी जागाच तिच्या डोळ्यांपुढे असायची.

पाटीवर शून्य होतं.

मग आकडा चढू लागला. थांबला. अठ्ठावन्न.

दर वर्षी तपासणीला बाबांना तीच घेऊन जायची. काट्यावर उभं राहताना ते बूटही काढत नसत. अठ्ठावन्नच भरत.

वरून हॉर्न वाजला. एकदाच, आखूड.

तिने लिव्हर खाली ओढली. तोंडाने जमत नव्हतं ते हाताने केलं. बूमची घडी मिटत आली, बादली बर्फातून खाली खाली आली आणि तिच्या समोर, छातीच्या उंचीवर, थांबली. इंजिन बंद केल्यावर अंगणात काहीच ऐकू येईना. हंसही नाहीत.

बादली रिकामी होती.

आकडा शून्यावर आला नाही.

एरवी टेकली की यायचा. तिने पाटीवरचं बर्फ पुसलं आणि पुन्हा पाहिलं. अठ्ठावन्न. बाबा खाली आले होते आणि बादलीतून उतरत नव्हते.

काठावर बर्फ साचत होतं. उजवीकडे दोन जागा कोरड्या. त्यांच्यावर कण यायचे आणि दिसेनासे व्हायचे.

फोनचं खरं सांगावं, असं तिला वाटलं. पुस्तकाचं सांगावं. शेवटची पानं आता तिला आठवतसुद्धा नव्हती. पण ते कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते दुसरंच, आणि एकाच शब्दात.

"खाली..." ती पुटपुटली. पुढचा शब्द ओठांतच राहिला. त्या दिवशीसारखा.

ती वाट बघत राहिली. समोरचंही वाट बघत होतं.

मग त्या दोहोंतल्या उजव्या जागेवर एक कण पडला आणि तसाच राहिला. त्यावर दुसरा. ती जागा हळूहळू पांढरी झाली, बाकीच्या काठासारखी. डावी कोरडीच होती.

उजवा हात काठावर नव्हता.

तो कुठे रोखलेला होता, हे शिनोला कळलं. तिने नकळत हेल्मेट सरळ केलं, पाय जुळवले, आणि लहानपणी शिकवलं होतं तशी मान वर करून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी, ती म्हणाली,

"खाली, शिनो!"